चक्रवाकांचा राखणदार

दिवाळीच्या सुमारास घरोघर पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. माहेरवाशिणी येतात, मुंबई-पुण्याला नोकरीस असलेले मुलगे चार दिवसांची रजा काढून येतात. आमच्या नाशिक जिल्ह्यात याच दिवसांत आणखीही काही पाहुणे येतात. त्यांना बोलावणे कोणी धाडीत नाही, उतरवून घ्यायला स्टेशनावरही कोणी जात नाही. पण पाऊस हटला, आश्विन सरत आला आणि पहाटे अंगावर घोंगडी ओढावीशी वाटू लागली, की निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर ते एकेक करून हजर होतात. लडाख-तिबेटकडून चक्रवाक येतात, हिमालयाची शिखरे ओलांडून पट्टकादंब येतात, सैबेरियाच्या दलदलींतून तलवार बदके येतात. काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या कपाळाचे चांदवे तर शेकड्यांनी जमतात. त्यांना आपल्याकडे वारकरी असेही गोड नाव आहे.

या पाहुण्यांविषयी वर्तमानपत्रांतून दर हिवाळ्यात लिहून येते, त्यांची छायाचित्रेही छापून येतात. मला आज लिहायचे आहे ते त्यांची राखण करणाऱ्या खाकी कपड्यांतल्या माणसाविषयी. सरकारी दप्तरात तो वनरक्षक. गावकरी त्याला गार्ड म्हणतात, आणि त्याच्या वरच्या अधिकाऱ्याला रेंजरसाहेब. जंगल नाही, वाघ नाही, सागाचे झाड नाही. पाणी, चिखल आणि पाणगवत यांचा हा वनरक्षक. त्याची नेमणूक अलीकडची असली, तरी त्याच्या कामाचा इतिहास फार जुना आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूनाध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक प्रकरण आहे. सूना म्हणजे खाटिकखाना. खाटिकखान्यावर देखरेख करणाऱ्या या अधिकाऱ्याकडेच कौटिल्याने प्राण्यांना अभय देण्याचेही काम सोपवले आहे. कोणत्या पाखरांना कोणी इजा करू नये याची यादी तेथे आहे, आणि तीत हंस, क्रौंच व चक्रवाक ही नावे आहेत. दुसऱ्या जीवांवर न जगणाऱ्या निरुपद्रवी पाखरांना किंवा माशांना मारणाऱ्यास पावणेसत्तावीस पण दंड सांगितला आहे. पाऊण पणाचाही हिशेब ठेवणारा हा ग्रंथकार नुसता दयाधर्म सांगत नव्हता. राज्याची संपत्ती कशी राखावी, हे तो सांगत होता.

त्यानंतर अशोक. त्याचा पाचवा स्तंभलेख राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर, म्हणजे इसवी सनापूर्वी २४३ च्या सुमारास कोरला गेला. त्यातही अवध्य प्राण्यांची यादी आहे, आणि पोपट, मैना यांच्या जोडीने चक्रवाक आणि हंस त्यातही आहेत. अशोक आणखी एक पाऊल पुढे जातो. ठरावीक पौर्णिमांना आणि त्यांच्या आगेमागे मासे मारू नयेत, विकूही नयेत, असे तो सांगतो. त्या दिवशी हत्तींच्या वनांत आणि केवटांच्या, म्हणजे कोळ्यांच्या राखीव पाण्यांत कोणत्याही प्राण्याचा वध होऊ नये, असेही बजावतो. तेव्हा पाण्याच्या काठाला राखण हवी आणि त्या काठावर पोट भरणारी माणसेही असतात, या दोन्ही गोष्टी बावीसशे वर्षांपूर्वीच्या राजालाही ठाऊक होत्या. आमच्या नांदूरच्या वनरक्षकाची सारी अडचण नेमकी या दोन गोष्टींच्या मध्ये आहे.

पण राजाज्ञेला पाय नसतात. ती शिळेवर कोरली, म्हणून गोदावरीच्या काठी पोहोचतेच असे नाही. मध्यंतरीच्या शतकांत चक्रवाक काव्यात राहिला, विरहाचे प्रतीक झाला. त्याच्या पाण्याची राखण करणारा मात्र कोणी राहिला नाही. पुढे बंदुका आल्या आणि पाणपक्ष्यांची शिकार हा संस्थानिकांचा व साहेबांचा हिवाळी खेळ झाला. भरतपूरच्या तळ्यावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पाखरे पडली. हा आकडा त्या काळी अभिमानाने नोंदवला गेला. अशोकाच्या स्तंभावरच्या यादीत त्यांतली किती पाखरे असतील, हे कोणी ताडून पाहिले नाही.

या गोष्टी घडत होत्या तेव्हा नांदूर मध्यमेश्वरला एक वेगळीच घटना होऊन गेली होती. ती घडवणाऱ्यांच्या मनात पाखरू कोठेच नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे होता तो दुष्काळ.

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ, पुन्हा १८९६-९७ चा, आणि त्याच्या पाठोपाठ १८९९-१९०० चा. दख्खनच्या पठाराने एका पिढीत हे तीन घाव सोसले. सह्याद्रीच्या पलीकडे धो धो पाऊस आणि अलीकडे निफाड, येवला, कोपरगाव कोरडे. ढग डोंगरावरच रिते होतात आणि पूर्वेकडच्या वाट्याला त्यांची सावली तेवढी येते. सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली १९०१ ते १९०३ या काळात पाटबंधारे आयोग हिंदुस्थानभर फिरला. दख्खनसारख्या प्रदेशात दुष्काळापासून रक्षण म्हणून कालवे काढावेत, पैशाचा नफातोटा तेवढाच पाहू नये, असे त्याच्या विचाराचे सार होते. त्या काळातलेच काम म्हणजे नांदूर मध्यमेश्वरचा दगडी बंधारा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी १९०७ पासून पुढच्या काही वर्षांत तो उभा राहिला. वरच्या अंगाला इगतपुरी तालुक्यात दारणेचे धरण १९१६ मध्ये पुरे झाले. दारणेत पाणी साठवायचे, ते नदीने नांदूरला आणायचे आणि तेथून डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायचे, अशी ती योजना. कोरड्या शिवारांत ऊस उभा राहिला तो या पाण्यावर.

योगायोग असा, की अर्थशास्त्राची हरवलेली पोथी म्हैसूरच्या शामशास्त्रींच्या हाती १९०५ मध्ये लागली आणि १९०९ मध्ये ती छापून निघाली. म्हणजे चक्रवाकाला अभय देणारा ग्रंथ पुन्हा उजेडात आला, आणि इकडे त्याच सुमारास चक्रवाकासाठी पाणी अडवले जात होते. या दोघांचा एकमेकांना पत्ता नव्हता.

बंधाऱ्याने पाणी अडवले, तसा गाळही अडवला. वर्षानुवर्षे गोदावरी, दारणा आणि कादवा यांनी आणलेली माती बंधाऱ्यामागे साचत गेली. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने हा दोषच, कारण जितका गाळ तितके पाणी कमी. पण त्या गाळाची बेटे झाली, बेटांवर पाणगवत आणि लव्हाळे माजले, उथळ पाण्यात शेवाळ, गोगलगाई, किडे, मासोळ्या वाढल्या. काठाने बाभळी उभ्या राहिल्या. खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या बदकाला जागा मिळाली, आणि घोटाभर पाण्यात चिखल चाळणाऱ्या शराटी व तुतारींनाही मिळाली. इंजिनिअराच्या हिशेबातली तूट ही पाखरांच्या खात्यात जमा झाली. दुष्काळासाठी बांधलेल्या घरात असे हे बिनभाड्याचे भाडेकरू येऊन राहिले.

डॉ. सलीम अली यांनी हे पाणी पाहून त्याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले, असे आमच्याकडे आवर्जून सांगतात. त्यांचा जन्म १८९६ चा, तारीख १२ नोव्हेंबर. व्हाइसरॉयांच्या त्या शिकारीच्या दिवशी ते नेमके बेचाळीस वर्षांचे झाले होते. त्यांच्याच आयुष्याच्या अखेरीस, १९८६ मध्ये, नांदूर मध्यमेश्वरला अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्यामागे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा होता. अशोकाच्या यादीसारखी त्यातही याद्या आहेत. फरक एवढाच, की या याद्यांच्या मागे आता एक माणूस उभा होता. ज्याचे नियतक्षेत्र नकाशावर आखून दिले आहे आणि ते रोज पायांखाली घालण्याचा ज्याला पगार मिळतो, असा वनरक्षक.

त्याचा दिवस निफाडच्या थंडीत उजाडतो. महाराष्ट्रातले नीचांकी तापमान पुष्कळदा याच तालुक्यात, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदले जाते, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना ठाऊकच आहे. अशा पहाटे चापडगाव, मांजरगाव, खानगाव थडी या गावांच्या काठाने त्याची फेरी सुरू होते. कोठे रात्री कोणी जाळे टाकले आहे काय, तुटक्या नायलॉनच्या दोऱ्यात एखादे पाखरू अडकले आहे काय, जलपर्णीचा पसारा कालच्यापेक्षा किती पुढे सरकला, हे तो पाहतो. जलपर्णी दिसायला देखणी. तिची जांभळी फुले पाहून सहलीच्या मुली हरखतात. पण ती पाण्याचा श्वास कोंडते, आणि शहराच्या सांडपाण्यावर पोसून दुप्पट जोमाने वाढते. नाशिकच्या घराघरांतून गोदावरीत जे जाते, त्याचा जाब या बिचाऱ्याला चाळीसएक किलोमीटर खाली द्यावा लागतो.

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते. आशिया खंडातल्या अनेक देशांत ही गणना १९८७ पासून होत आली आहे. हजारोंचा थवा मोजायचा कसा, असे माझ्या विद्यार्थ्यांनी तेथे विचारले होते. त्याची रीत सोपी, पण सरावाची आहे. दुर्बिणीतून आधी दहा पाखरे नीट मोजायची, तेवढ्यांनी किती जागा व्यापली हे डोळ्यांत साठवायचे, मग तेवढ्या जागेच्या मापाने शंभर, आणि शंभराच्या मापाने सारा थवा. मध्येच एखादी दलदली घार वरून झेपावली, की सारा थवा उडतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. गणिताच्या तासाला कंटाळणारी मुले तेथे तासभर मोजीत बसली होती.

पाखरांचे हे काम एक वेळ सोपे म्हणावे लागेल. अवघड काम माणसांचे. रविवारी मोटारी भरून मंडळी येतात. भडक कपडे, मोठ्याने गाणी, हातात कागदी ताटल्या. छायाचित्रासाठी कोणी खडा मारून थवा उडवतो. हिमालय ओलांडून आलेल्या पाखराने इथल्या चिखलात चार महिने चरून परतीची ताकद जमवायची असते. विनाकारण उडावे लागले, की त्याच्या शिदोरीतला घास आपण काढून घेतला, हे त्या पाहुण्याला समजावून सांगायचे. तेही तो रागावणार नाही, उलट पुढच्या वर्षी पोराबाळांना घेऊन येईल अशा बेताने. आम्हां मास्तरांचा धंदाही हाच, पण आमच्या हाती छडी नसली तरी हजेरीपट असतो. त्याच्या हाती तेवढेही नाही. आता गावातलेच तरुण वाटाडे म्हणून तयार झाले आहेत, मनोरे उभे आहेत, दुर्बिणी भाड्याने मिळतात. चक्रवाक दाखवून दोन पैसे मिळू लागले, तेव्हा त्याच्याकडे पाहण्याची गावाची दृष्टी बदलली. हा बदल कायद्याच्या कलमाने झाला नसता.

तरीही सारे गोडीगुलाबीने चालते असे कोणी समजू नये. अभयारण्य जाहीर झाले ते सुमारे १०० चौरस किलोमीटरचे. पाणी त्यातले थोडे, बाकी गावांची शिवारे. नदीवर पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्या भोई-कोळ्यांना एके दिवशी कळले, की आपले पाणी आता पाखरांचे झाले. द्राक्षे, कांदा, ऊस लावणाऱ्यांना धास्ती पडली, की उद्या विहीर खणायलाही परवानगी लागेल. आणि सर्वांत मोठा तंटा त्या गाळाचा. वरच्या अंगाच्या चांदोरी-सायखेड्याला गोदावरीचा पूर शिरतो. २००८ मध्ये शिरला, ऑगस्ट २०१९ मध्ये तर घरे आणि दुकाने पाण्यात गेली. तेथल्या लोकांचे म्हणणे, बंधाऱ्यामागचा गाळ काढा, पाणी तुंबते ते त्यामुळे. पक्षिप्रेमींचे म्हणणे, गाळ काढाल तर बेटे जातील आणि बेटे गेली की पाखरे जातील. ज्याच्या घरात कमरेइतके पाणी शिरले त्याला चक्रवाकाचे कौतुक सांगता येत नाही. आणि बेटे खरवडून नेली तर शंभर वर्षांत जमलेली वस्ती एका उन्हाळ्यात मोडेल, हेही खोटे नाही.

या दोघांच्या मध्ये तो वनरक्षक उभा असतो. निर्णय त्याच्या हातात नाही. तो मुंबईला किंवा दिल्लीला होतो. पण ग्रामसभेत शिव्या खायला तोच असतो, आणि रात्री उसात बिबट्या दिसला की बोलावणेही वनखात्याच्याच माणसाला येते. इथे मला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची आठवण होते. सुमारे १७१५ च्या त्या ग्रंथात आरमारासाठी लाकूड कसे तोडावे हे सांगताना आंबा-फणसाला हात लावू नये असे बजावले आहे, कारण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच झाले तर धन्याची संमती घेऊन, मोबदला देऊन घ्यावे. राखण आणि रयतेची संमती या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, हे शहाणपण आपल्या मातीत होते. १९८६ मध्ये रेषा आखताना ते किती वापरले गेले, हा प्रश्न गावे अजून विचारतात.

संमती मिळाली म्हणजे काय घडते, हे पाहायचे तर सह्याद्री उतरून समुद्रावर जावे लागेल. नाशिकचा काठ आणि कोकणचा काठ हे वरवर वेगळे. पण इराणमध्ये कास्पियन समुद्राच्या काठी रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांविषयी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याने दोन्ही एकाच व्याख्येत घातले. तळे, दलदल, नदीकाठ यांच्या बरोबरीने ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असणारा समुद्रही त्यात पाणथळच मानला आहे. म्हणजे आमचा गाळातला वनरक्षक आणि खाडीतला राखणदार हे भाऊबंदच.

मंडणगड तालुक्यातले वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. तेथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे रात्री येऊन अंडी घालतात आणि परत जातात. ती अंडी माणसे काढून नेत, उरली तर कुत्री-कोल्ही उकरीत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून राखण सुरू केली. घरट्यातली अंडी जपून उचलायची, कुंपणातल्या वाळूत तशाच खोलीवर पुरायची, दीड-दोन महिने पहारा द्यायचा, आणि पिल्ले वर आली की त्यांना पाण्याच्या वाटेला सोडायचे. २००६ पासून तेथे कासव महोत्सव होऊ लागला. पाहुणे घरोघरी उतरतात, घरचे जेवण जेवतात, पहाटे वाळूवर उभे राहून टाळीही न वाजवता पिल्लांची ती इवलीशी दिंडी पाहतात. जे काल अंडी शोधीत होते तेच आज त्यांचे राखणदार झाले. सरकारनेही २०१२ मध्ये वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला, २०१५ मध्ये ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य केले. पण वेळासची गोष्ट पुढे गेली ती माणसांमुळे.

वनखात्यातला माणूस गावाकडून शिकू लागला तर काय होते, याचे उदाहरण मराठी वाचकांच्या कपाटातच आहे. मारुती चितमपल्ली कोइमतूरला वनविद्या शिकून खात्यात आले. पण पाखरांची नावे आणि रानाची भाषा ते नवेगाव-नागझिऱ्याकडच्या माणसांपासून शिकले आणि तिथून ती आपल्या घरात आली. एक वन-अधिकारी २००६ मध्ये सोलापूरला साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, ही साधी गोष्ट नव्हे. २०२५ मध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, या दोहोंमधले दिवस महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. दिवाळी पुष्कळदा त्याच्या आगेमागेच येते.

२०१९ मध्ये नांदूर मध्यमेश्वर रामसर यादीत गेले, आणि २०२० च्या जानेवारीत ते जाहीर झाले. महाराष्ट्रातले हे पहिले रामसर स्थळ. त्या नोंदीत येथल्या ५३६ जीवजातींचा उल्लेख आहे, आणि त्यांत देवळालीच्या नावाने ओळखली जाणारी एक अतिसंकटात सापडलेली मासोळीही आहे. त्याच नोंदीत एक वाक्य महत्त्वाचे आहे: पाण्याची टंचाई दूर करण्यासाठी केलेली ही जागा आता पुराचे पाणी झेलायलाही उपयोगी पडते. चांदोरीकरांना हे पटणे कठीण. पण खालच्या गावांच्या दृष्टीने पसरट दलदल ही पुराची पहिली ओसरी असते. वरच्यांचे नुकसान आणि खालच्यांचा बचाव यांचा हिशेब मांडून, ज्यांचे नुकसान होते त्यांना हक्काने भरपाई देणे, हे काम मात्र वनरक्षकाच्या फेरीने होणार नाही. ते सरकारनेच केले पाहिजे. त्यावाचून राखणीचे ओझे सगळ्यांत गरिबाच्या खांद्यावर पडते, आणि असले ओझे माणूस फार दिवस वाहत नाही.

या सुट्टीत मुलांना घेऊन नांदूरला जाणार असाल, तर जरूर जावे. मळकट रंगाचे कपडे घालावेत, पहाटेच पोहोचावे, गावातल्याच एखाद्या पोराला वाटाड्या म्हणून घ्यावे आणि गाणे गाडीतच ठेवावे. वाटेत चांदोरीला उतरून पुराच्या खुणाही मुलांना दाखवाव्यात. नुसती पाखरे पाहून आलेल्या मुलाने अर्धाच धडा वाचला असे होईल.

अशोकाचा हुकूम दगडावर राहिला; तो अमलात आणण्यासाठी कोणत्या नदीकाठी कोण उभा राहिला, त्याचे नाव कोठेही नाही. आमच्या वनरक्षकाचेही नाव इतिहासात जाणार नाही. कारण त्याचे यश म्हणजे काही न घडणे. जाळे पडले नाही, थवा उडाला नाही, भांडण हातघाईवर आले नाही, असे दिवस वहीत कोरेच राहतात. त्या कोऱ्या दिवसांची बेरीज किती झाली, हे पुढच्या दिवाळीला चक्रवाक किती उतरले यावरून आपण मोजायचे.